तपासले, योग्य आहे

वर्षाली सोळंकेने आपल्या कादंबरीच्या चालू प्रकरणाच्या फाइलला 'स्क्रॅप जुलै अंतिम' असं नाव दिलं होतं, आणि त्यामागे विचार होता. चाकणच्या त्या कंपनीत गाड्यांचे पत्र्याचे भाग बनायचे आणि साडेतीनशे माणसं कामाला होती, पण भंगाराची यादी आपणहून उघडून बघेल असा माईचा लाल त्यांत एकही नव्हता. पगाराची फाइल लोक चोरून बघतात, कॅन्टीनच्या मेनूचीसुद्धा बघतात. भंगारात डोकं कोण घालणार? म्हणून स्टोअरच्या कॉम्प्युटरवर, जेवणाच्या अर्ध्या तासात, डबा दहा मिनिटांत उरकून उरलेली वीस मिनिटं ती लिहायची. घरी, दापोडीच्या दोन खोल्यांत, पाच माणसं होती. तिथे मोबाइलवर एक ओळ टाइप केली तरी पाचांपैकी दोघं मान वाकडी करून वाचायची.

बरं, लिहायची ती काय, तर डार्क रोमान्स. ज्यांच्या वाचनात हा प्रकार आला नसेल त्यांच्यासाठी सांगायचं, तर यात नायक जितका वाईट तितका चांगला. तो नायिकेला पळवतो, कोंडतो, दर तीन पानांनी 'तू फक्त माझी आहेस' असं बजावतो. आणि नवऱ्याने भाजीत मीठ कमी आहे म्हटलेलंही ज्यांना खपत नाही, अशा बायका त्याच्या पुढच्या भागाची डोळ्यांत तेल घालून वाट बघतात.

वर्षालीची पहिली कादंबरी मात्र आपटली होती. मोबाइलच्या अ‍ॅपवर 'कृष्णछाया' या नावाने तिने इटलीतला माफिया, त्याचं खाजगी बेट आणि बेटावरचा काळा महाल असं सगळं बैजवार उभं केलं होतं. वाचक मिळाले अकरा. त्यातल्या एकीने लिहिलं, 'ताई, या महालात मी चौथ्यांदा येतेय. पडदेसुद्धा तेच आहेत.' वर्षालीला ते इतकं लागलं की दोन दिवस तिला डबा गोड लागला नाही. चोरलेलं नव्हतं हो. पण इटली तिने पाहिली नव्हती, आणि ज्यांचं वाचून तिने लिहिलं त्यांनीही बहुधा पाहिली नसावी.

मग एके दिवशी स्टोअरच्या खिडकीतून तिला दिग्विजयभाऊ दिसले. हे कंपनीचे भंगाराचे ठेकेदार. पिंपळे सौदागरचं जुनं शेतकरी घराणं, आता शेतात टॉवर उभे राहिलेले. काळ्या गाडीतून पांढऱ्याशुभ्र शर्टातले भाऊ उतरले, डाव्या भुवईवर जुन्या जखमेचा व्रण, आणि यार्डातली पंधरा माणसं बोलता बोलता गप्प झाली. फोर्कलिफ्टवाल्याने तर इंजिनच बंद केलं. वर्षालीने मनात म्हटलं, काखेत कळसा आणि गावाला वळसा.

तेव्हापासून तिचा नायक अधिराज भंगाराचा राजा झाला. भुवईवर व्रण आला. बेटाच्या जागी मावळातलं फार्महाऊस आलं. तिथे कोंडलेल्या नायिकेला, मृण्मयीला, नायकाची आई येताजाता 'वाळलीस गं' म्हणत बाजरीची भाकरी वाढायची. अकरा वाचकांचे चार हजार झाले. पडद्यांवर बोलणारी बाईच लिहून गेली, 'असं कुठेच वाचलं नव्हतं.' त्या एका ओळीवर वर्षाली आठवडाभर हवेत होती. फक्त ती कोणाला दाखवता येत नव्हती, कारण तीन वर्षं ट्रेनी म्हणून राबल्यावर येत्या पंधरा ऑगस्टला तिला कायम केल्याचं पत्र मिळायचं होतं, आणि कंपनीच्या कॉम्प्युटरवर कंपनीच्याच ठेकेदाराची प्रेमप्रकरणं रंगवणाऱ्या मुलीला कोणी पत्र देत नाही.

जुलैच्या एकतीस तारखेला ग्राहक कंपनीचे ऑडिटवाले आले. वर्षालीला रॅकवरची लेबलं सरळ करायला, मशिनं चालतात त्या शॉपमध्ये पिटाळलं, आणि इकडे भंगाराची गाडी भरून वजनकाट्यावर उभी राहिली. यादीशिवाय गाडी गेटबाहेर सुटत नाही. स्टोअरप्रमुख बबनरावांची एकतीस वर्षं नोकरी झाली होती, त्यांपैकी कॉम्प्युटरला हात लावायचे प्रसंग बोटांवर मोजण्याइतके. पण वर्षालीनेच त्यांना एकदा शिकवलं होतं, की फाइल उघडायचीही गरज नाही, नुसतं उजवं बटण दाबून प्रिंट म्हणायचं. खरी यादी 'स्क्रॅप जुलै अंतिम नवीन' या नावाने खाली होती. बबनरावांना वरची दिसली.

दर महिन्याला दोन पानं निघायची, या वेळी सात निघाली. भंगार फार साठलं म्हणायचं, असं पुटपुटत त्यांनी पांढरी, गुलाबी आणि पिवळी अशा तीन प्रती काढल्या. मग एका हातात चहाचा कप धरून, चष्मा खिशातच ठेवून, एकवीस पानांवर दणादण शिक्का मारला, 'तपासले, योग्य आहे', आणि प्रत्येक शिक्क्याखाली सही ठोकली. पांढरी प्रत ठेकेदाराला गेली, गुलाबी गेटवर, पिवळी फाइलला.

वर्षाली परत आली तेव्हा पिवळी प्रत टेबलावर पडलेली होती. तिने सहज मधलं एक पान उचललं. 'मृण्मयीच्या चपलेचा अंगठा तुटला. भर काट्यावर, शंभर माणसांच्या देखत, अधिराज गुडघ्यावर बसला आणि त्याने खिशातून सुईदोरा काढला.' खाली शिक्का. तपासले, योग्य आहे.

ती गेटकडे धावली. गाडी केव्हाच गेली होती. गुलाबी प्रत सुरक्षारक्षक प्रीतमच्या हातात होती, आणि तो ती दोन ड्रायव्हरना मोठ्याने वाचून दाखवत होता. तिने यादी बदलायची आहे असं काहीतरी सांगून कागद मागितले, तर त्याने ते पाठीमागे लपवले. सही-शिक्क्याचा कागद गेटवरून हलवता येत नाही, हा नियम त्याला नोकरी लागल्यापासून पहिल्यांदाच आठवला. वर त्याने विचारलं, "मॅडम, पुढच्या महिन्याची यादी कधी निघणारे?"

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला काळी गाडी आली. यार्ड गप्प झालं. भाऊ यार्डात थांबलेच नाहीत, सरळ प्लांट हेडच्या केबिनमध्ये गेले. दोन मिनिटांत बबनरावांना बोलावणं आलं आणि भंगाराची फाइल घेऊन वर्षालीलाही. शेजारच्याच खोलीत ऑडिटवाले बसलेले होते. वर्षालीने जिना चढतानाच ठरवलं, विचारायच्या आत कबूल करायचं. पत्र गेलं खड्ड्यात, पण या माणसाच्या समोर खोटं बोलायची तिची छाती नव्हती.

"साहेब, धा वर्सं झाली, भंगार न्हेतोय तुमचं," भाऊंनी पांढरी सात पानं टेबलावर पसरली. "काट्यात कधी किलोचा फरक पडला न्हाई. मंग ह्यो काय परकार हाय?"

प्लांट हेडनी पहिलं पान वाचलं, मग दुसरं, मग खालच्या सहीकडे बघून म्हणाले, "बबनराव, हे तुमचं आहे?"

बबनरावांनी चष्मा लावला. आपली सही असलेला कागद ते जन्मात पहिल्यांदा वाचत होते. वर्षालीने तोंड उघडलं. पण बबनरावांच्या चेहऱ्यावर काय चाललं होतं, ते तिला लख्ख दिसत होतं. हे माझं नाही म्हणावं, तर मग सही कशी? न वाचता केली म्हणावं, तर एकतीस वर्षांच्या सगळ्या सह्या भिंतीपलीकडे बसलेले लोक उकरून काढणार, आणि निवृत्तीला उरलेले आठ महिने घरी बसून काढावे लागणार. कंपनीत न वाचता सही करणं हा गुन्हा आहे. प्रेमकथा लिहिणं हा गुन्हा आहे असं मात्र कुठल्याच नियमावलीत लिहिलेलं नाही.

बबनरावांनी चष्मा काढला. "होय साहेब. मीच लिहिलंय."

वर्षालीचं उघडलेलं तोंड तसंच उघडं राहिलं.

भाऊंनी पसरलेली पानं गोळा केली. मग म्हणाले, "लिव्हलंय भारी. वाद न्हाई. पर माझ्या घरात इस्तू पडला त्याचं काय?"

झालं होतं असं, की भाऊंनी नेहमीप्रमाणे यादी जेवणाच्या टेबलावर टाकली आणि ती त्यांच्या पत्नीच्या, जयमालावहिनींच्या हाती पडली. नाव बदललेलं होतं एवढंच, बाकी भुवई तीच, गाडी तीच, काटा तोच. ही मृण्मयी कोण, असं त्यांनी एकदाच विचारलं आणि नंतर काहीच विचारलं नाही. भाऊंनी हे बनवाबनवीचं आहे असं शपथेवर सांगितलं. त्यावर वहिनींनी शिक्क्यावर बोट ठेवलं. कंपनीने तपासलेलं आहे, योग्य आहे असं लिहिलेलं आहे, मोठ्या साहेबांची सही आहे, मग खोटं कसं असेल? सकाळपासून माहेरची बॅग दारात येऊन बसली होती.

"म्या आयुष्यात कुनाची चप्पल शिवली न्हाई हो," भाऊ म्हणाले, आणि तेवढं बोलताना अख्ख्या चाकणला धाकात ठेवणाऱ्या त्या माणसाचा आवाज अगदी बारीक झाला. "तुमी घरी चला आन तिला सांगा."

प्लांट हेडना ऑडिट संपेपर्यंत हे प्रकरण केबिनबाहेर घालवायचंच होतं. त्यांनी बबनरावांना लगेच जायला सांगितलं. बबनरावांनी फाइल धरायला म्हणून वर्षालीला बरोबर घेतलं. फाइलमध्ये धरण्यासारखं काही नव्हतं, पण एकट्याने जायची त्यांची टाप नव्हती.

पिंपळे सौदागरला दोन टॉवरांच्या मधोमध भाऊंचा बंगला होता. जयमालावहिनी सोफ्यावर बसल्या होत्या, समोर सात पानं, त्यांवर वजनाला स्टीलचा तांब्या. त्यांनी बबनरावांना आपादमस्तक न्याहाळलं.

"ही पोरगी कुठं ऱ्हाती?"

"ती काल्पनिक आहे, वहिनी."

"आन शिक्का? त्यो बी काल्पनिकच का?"

वहिनींनी चौथं पान काढलं. तुम्हीच लिहिलंय ना, मग सांगा, तो फार्महाऊसचं दार उघडं टाकून निघून जातो, तरी ही पळून का जात नाही? बबनरावांनी छताकडे पाहिलं, फाइलकडे पाहिलं, एकतीस वर्षांचा अनुभव पणाला लावला आणि म्हणाले, "बहुतेक तिची शिफ्ट संपली नसेल."

आता गप्प बसणं वर्षालीच्या हाताबाहेर गेलं. स्वतःच्या लेकराला कोणी भलत्या नावाने हाक मारावी तसं तिला झालं. "तिला दाराशी काय करायचंय, वहिनी?" ती म्हणाली. "तो परत येताना घाबरलेला असतो की नाही, ते तिला बघायचं असतं. सगळे ज्याला घाबरतात, त्याने एकदा तरी कुणालातरी घाबरावं."

वहिनींनी नवऱ्याला चहाचं बघायला आत पाठवलं, आणि बबनरावांना त्याच्या मागोमाग साखर किती ते सांगायला. दोघेही मुकाट गेले.

"तू लिव्हलंस," वहिनी म्हणाल्या.

वर्षालीने मान खाली घातली.

"मला काल वाचतानाच वाटलं हुतं. चपलेचा अंगठा तुटल्यावर बाईचा जीव कसा व्हतो, ह्ये गड्याला काय ठावं? पर शिक्का बघितला आन डोकं फिरलं. इटलीची बी वाचल्यात म्या, फोनवर. त्या बेटावर भाजी कोन आनून देतं, ह्ये एकीनं पन लिव्हलं न्हाई. तू भाकरी तरी घातलीस पोरीला."

वर्षालीला हसू आलं. तिने धीर करून विचारलं, की त्यांच्या घरात असा खराखुरा माणूस असताना त्यांना हे का वाचावंसं वाटतं?

"ह्यांना काय मिटून ठिवता येतं व्हय?" वहिनी म्हणाल्या. "पुस्तकातला लई आरडाओरडा कराया लागला की मिटायचा. च्या घ्यायचा. आपल्याला वाटलं की परत उघडायचा." मग त्यांनी सातवं पान उलटसुलट करून पाहिलं. "पर तुझं नाव कुठंच न्हाई ह्यात. का गं?"

तेवढ्यात भाऊ स्वतःच्या हाताने चहाचा ट्रे घेऊन आले. अर्धा चहा बशांत होता. वहिनींनी ट्रेकडे पाहिलं आणि निकाल दिला, की कथा खोटी आहे. ज्याला ट्रे धरता येत नाही, तो सुईत दोरा काय ओवणार? बॅग आत गेली. अट एकच होती, दर महिन्याच्या यादीबरोबर पुढचं प्रकरण यायला हवं. भाऊंनी बबनरावांचे दोन्ही हात हातात घेतले.

परतताना नाशिक फाट्याच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा बबनराव पहिल्यांदा बोलले. "सोळंके, साखर सांगून परत येताना मी ऐकलं. पंधरा ऑगस्टला तुझं पत्र आहे. तोवर हे माझंच. आणि मी वाचून सही करत नाही, हे तुझ्यापाशी." वर्षाली हो म्हणाली.

पण कंपनीत गोष्ट पसरायला काय लागतं! प्रीतमने गुलाबी प्रतीचे फोटो काढून चारदोन ग्रुपवर टाकले होते. चार दिवसांत कॅन्टीनपासून बस स्टॉपपर्यंत बबनराव 'लेखकसाहेब' झाले. ऑडिटवाल्यांपैकी एकाने निघताना त्यांची सही मागितली, आणि ती त्यांनी सवयीने न बघता केली. पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झाल्यावर प्लांट हेडनी दोन कार्यक्रम उरकले. आधी वर्षालीला पत्र दिलं, त्याला चार टाळ्या पडल्या. मग कामगारांमधली सुप्त कला या विषयावर बोलून बबनरावांना शाल आणि श्रीफळ दिलं. चोर सोडून संन्याशाला सुळी देतात, हे वर्षालीने ऐकलं होतं. संन्याशाचा सत्कार होताना आणि चोराने टाळ्या वाजवताना ती पहिल्यांदाच बघत होती. कायम झाल्याचं पत्र तिच्या हातात होतं, तीन वर्षं जे मागितलं ते मिळालं होतं, आणि तरी तिला रडू येत होतं.

त्या संध्याकाळी तिने चपलेचं ते प्रकरण, तेविसावं, अ‍ॅपवर टाकलं. कोणाचं नाही तर नाही, पण कृष्णछायाचं तरी ते असू दे. पाच मिनिटांत पडदेवाल्या बाईची टिप्पणी आली. 'ताई, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. हे चोरलेलं आहे. मूळ लेखक चाकणचे बबनराव. पुरावा जोडत आहे.' खाली फोटो होता, गुलाबी कागदाचा. शिक्का अगदी स्पष्ट आला होता.

सोमवारी वर्षालीने मोबाइल बबनरावांच्या टेबलावर ठेवला. बबनरावांनी खिशातून चष्मा काढून लावला, टिप्पणी वाचली, परत वाचली. मग खुर्चीच्या पाठीवर पडलेल्या शालीची घडी घातली आणि ती खणात टाकली.

"हे चुकलं," ते म्हणाले. "कागद चुकला तर आपण काय करतो?"

"सुधारित प्रत काढतो."

"मग काढ. चूक कोणाची हे सुधारित प्रतीवर लिहावं लागत नाही. फक्त काय राहिलं ते लिहायचं."

तिने नवी प्रत काढली. वर टाइप केलं, 'सुधारणा क्रमांक १. लेखिकेचे नाव घालायचे राहून गेले होते.' खाली नेहमीचे रकाने, 'तयार केले', 'तपासले'. 'तयार केले'च्या पुढे तिने आपलं पूर्ण नाव टाइप केलं. बबनरावांनी शिक्का बाहेर काढला. पण मारला नाही. पहिलं पान उचललं आणि वाचायला लागले. एकेका ओळीवर बोट ठेवून, ओठ हलवत. चहा आला, गार झाला. वर्षाली समोर उभीच. चार हजार वाचक होते तिचे, पण तिच्या नावानिशी तिचं लिहिलेलं कोणी तिच्या डोळ्यांदेखत वाचत होतं ते पहिल्यांदाच. पाचव्या पानावर बबनराव थांबले.

"याच्यावर मी सही करणार नाही."

"का सर? नाव नको का?"

"नाव राहू दे. ही मुलगी काट्यावर उभी आहे. तोही तिथेच गुडघ्यावर बसलाय. आणि तू खाली लिहिलंयस, की गाडीचं वजन झालं. दोघांचं मिळून सव्वाशे किलो भंगारात गेलं, सोळंके."

"सर, तिला खाली उतरवली तर प्रकरणच संपतं. ते काट्यावरच व्हायला हवं."

बबनराव विचारात पडले. खिडकीतून काट्याकडे पाहिलं. मग पान तिच्याकडे सरकवत म्हणाले, "मग आधी वजन कर. गाडी पुढे घे. आणि मग काय ते प्रेम होऊ दे."

वर्षालीने वाचून पाहिलं. गाडी निघून गेल्यावर, रिकाम्या काट्यावर ती दोघंच. ते जास्त बरं दिसत होतं, आणि याचाच तिला राग आला. ती मुकाट्याने खुर्चीवर बसली, मृण्मयीला काट्यावरून उतरवलं, गाडीचं वजन करून घेतलं, गाडी गेटबाहेर काढली आणि दोघांना परत वर आणून उभं केलं. बबनरावांनी पाचवं पान पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग तिन्ही रंगांच्या एकवीस पानांवर, प्रत्येक वेळी तिच्या नावाच्या खाली, शिक्का मारला आणि सही केली.